पानातली चेरी आणि पेठ्याचा चुना

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो. एक हिंगोलीकडे, दुसरा हदगावमार्गे यवतमाळकडे. अशा फाट्यावरच्या गोड पानात लालभडक चेरी खोचलेली असते. ती बहुतेक वेळा करवंद असते. खऱ्या चेरीच्या झाडाला हिवाळ्यात हजारेक तास कडक थंडी लागते. ती काश्मीर-हिमाचलात मिळते, मराठवाड्यात नाही.

चेरी मुरवण्याची मूळ चाल दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची. झादरकडची आंबट मारास्का चेरी तिच्याच मद्यात मुरवत. पुढे 1920च्या दशकात ऑरेगॉनच्या अर्नेस्ट वीगँड यांनी चेरी मुरवण्याच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घातले आणि लिबलिबीत होणारं फळ टणक राहू लागलं.

इथे मला आग्र्याचा पेठा आठवला. हलवाई कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात भिजवून मगच पाकात सोडतो. चुना म्हणजे कॅल्शियमच! फळातल्या पेक्टिनला तो बांधून ठेवतो, म्हणून फोड उकळूनही विरघळत नाही. वीगँड प्रयोगशाळेत जिथे पोचले, तिथे आपला हलवाई आधीच उभा होता.

करवंदाची चेरी कारखानदारांनी विलायती पुस्तकं वाचून काढली, असं कुणी म्हणेल. गंधकाचा वायू आणि एरिथ्रोसिन हा रंग तिकडचाच, हे मान्य. पण फळ चुन्यात घट्ट करून टप्प्याटप्प्याने दाट होणाऱ्या पाकात मुरवणं, हा हात मला पेठेवाल्याचाच वाटतो. करवंद स्वस्त म्हणून निवडलं, हेही मला पुरेसं वाटत नाही. स्वस्त तर बोरंही असतात. करवंदात पेक्टिन भरपूर, शिवाय ते जबर आंबट. आणि एरिथ्रोसिन आंबटात विरघळत नाही. त्यामुळे रंग फळातच बसतो, केकवरच्या पांढऱ्या क्रीमवर ओघळत नाही.

मात्र डोंगरची काळी मैना या कामाची नाही. ती लहान आणि रसाळ. चेरीसाठी लागतं कुंपणाच्या जाळीवरचं मोठ्या फळाचं करवंद, तेही पिकण्याआधी तोडलेलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’, पंतनगरची ‘पंत सुदर्शन’ या अशा मोठ्या फळांच्या जाती. कच्च्या फळात चीक फार, म्हणून ते आधी मिठाच्या पाण्यात ठेवतात.

ओळखायचं असेल तर पानातली चेरी उभी चिरून बघा. खऱ्या चेरीत एकाच गोल कोयीची पोकळी दिसते. करवंदात चपट्या बियांच्या खुणा असतात, कधी एखादी मऊ बी राहूनही गेलेली असते.