वीस रुपयांची बासरी आणि खरी बासरी



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर म्हणाल्या, "पोरीला बासरी घ्यायचीय." सगळ्याजणी हसल्या. "जत्रेत वीस रुपयाला मिळते की! अन् पोरीच्या जातीला कशाला बासरी?" ताई खाली मान घालून बसल्या. जत्रेतली बासरी त्यांनी आधीच घेतली होती, पण ती सुरात वाजत नव्हती.

म्हणून आज बासरीचा इतिहास सांगते.

पावा म्हणा, मुरली म्हणा, बासरी म्हणजे गुराख्याचं वाद्य. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या मैफलीत तिला जागा नव्हती. लहान बासरीचा आवाज चढा, खालचे गंभीर सूर तिच्यात निघत नसत. ही अडचण पन्नालाल घोष यांनी सोडवली. त्यांचा जन्म १९११ साली बारिसालचा, आजच्या बांगलादेशातला. १९४० मध्ये ते मुंबईला आले. त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी घडवली आणि तिच्यावर ख्याल वाजवला. पुढे दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचं काम पाहिलं. १९६० साली ते गेले, पण लांब बासरी मैफलीत कायमची बसली.

सातासमुद्रापलीकडे आयर्लंडमध्येही असंच झालं. युरोपात मोठ्या वाद्यवृंदांत लाकडी बासरी वाजायची. १८४७ साली जर्मनीच्या थिओबाल्ड बोम यांनी धातूची, चाव्यांची नवी बासरी काढली. हळूहळू शहरातल्या वादकांनी जुन्या लाकडी बासऱ्या टाकून दिल्या. त्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या आणि आयर्लंडच्या खेड्यातल्या कष्टकऱ्यांच्या हाती आल्या. त्यांनी आपली नाचाची गाणी त्यांवर वाजवली. आज आयरिश लोकसंगीतात लाकडी बासरीलाच मान आहे.

आणि पोरीच्या जातीचं म्हणाल, तर तमिळनाडूच्या सिक्कील भगिनी, कुंजुमणी आणि नीला, यांनी बासरीवरच देशभर नाव कमावलं.

आता चांगली बासरी ओळखायची कशी? रंग, गोंडे पाहू नका. कांडी सरळ, वाळलेली, मध्ये गाठ नसलेली हवी. भेग असेल तर घेऊ नका. छिद्रांच्या कडा गुळगुळीत असाव्यात. लेकराची बोटं न ताणता सहाही छिद्रांवर बसली पाहिजेत. लहान हाताला फार लांब बासरी नको. सहाही छिद्रं बंद करून हळू फुंकलं की खालचा पंचम निघतो, जोरात फुंकलं की वरचा. दोन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला सोबत न्या, पेटीशी सूर ताडून बघा. घरी आणल्यावर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, तडकते.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो. पोरीच्या श्वासाला का नाही?" ठराव झाला. ताई दर महिन्याला हप्ता भरतात.

परवा त्यांच्या दारावरून जाताना आतून सूर ऐकू आला. अजून अडखळतो, पण खरा लागतो.