सोलेआ, सिगिरिया, बुलेरिआस : फ्लामेंकोतील प्रकारभेदाचा इतिहास

मौखिक परंपरेतील गीत मुद्रित झाल्यावर त्याचा प्रकार कोणत्या लक्षणांवरून ठरवावा, हा तौलनिक साहित्याभ्यासातील जुना प्रश्न आहे. दक्षिण स्पेनमधील आंदालुसिआच्या फ्लामेंको गायनात गीतप्रकाराला 'पालो' म्हणतात. परस्परांना निकट असलेल्या पालोंमधील भेदरेषा आखण्याचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात उद्बोधक ठरतो.

आंतोनिओ माचादो इ आल्वारेस यांनी १८८१ साली 'देमोफिलो' या टोपणनावाने फ्लामेंको गीतांचा संग्रह सेव्हिल येथे प्रसिद्ध केला. ते लोकसाहित्याचे अभ्यासक होते. तीन चरणांची सोलेआ, चार चरणांची सोलेआ, 'जिप्सी सेगिदिया' (म्हणजेच सिगिरिया), पोलो आणि कान्या असे विभाग त्यांनी केले. यांतील काही भेद पद्यरचनेवर आधारलेले आहेत आणि ते निराधार नाहीत. सोलेआचे चरण आठ अक्षरांचे असतात. सिगिरियाच्या चार चरणांपैकी तिसरा सामान्यतः अकरा अक्षरांचा व उरलेले सहा अक्षरांचे असतात. तथापि आठ अक्षरी चार चरणांचे एकच कडवे सोलेआ, पोलो, कान्या वा बुलेरिआस यांपैकी कशातही गाता येते. तेथे संहिता मौन पाळते. त्या संग्रहात बुलेरिआसचा स्वतंत्र विभाग नाही. हे नाव रूढ झाले ते पुढील काळात.

संहितेत न दिसणारा भेद 'कोम्पास' म्हणजे तालचक्रात आढळतो. सोलेआचे आवर्तन बारा मात्रांचे असून आघात ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर पडतात. बाराव्या मात्रेपासून मोजल्यास ३+३+२+२+२ असे खंड मिळतात. सिगिरियाचे खंड २+२+३+३+२ असे आहेत. हेच चक्र आठव्या मात्रेपासून मोजल्यास सोलेआचे सिगिरिया होते. भेद मात्रासंख्येचा नसून आरंभबिंदूचा आहे. बुलेरिआस सोलेआपासूनच विकसित झाली, पण तिची लय द्रुत आणि आघातांची मांडणी अधिक मोकळी आहे. कादिसच्या आलेग्रिआसचे चक्रही सोलेआचेच. मात्र सोलेआची फ्रिजियन स्वरश्रेणी भैरवी थाटाशी जुळते, तर आलेग्रिआसची बिलावल थाटाशी.

१९६३ साली कवी रिकार्दो मोलिना आणि गायक आंतोनिओ मायरेना यांच्या ग्रंथाने वर्गीकरणाला वेगळे वळण दिले. लक्षणांबरोबरच उगमाचा, विशेषतः गितानो (जिप्सी) समाजाशी असलेल्या नात्याचा, निकष त्यात प्रभावी ठरला. सोलेआ, सिगिरिया, तोना यांना मूलभूत स्थान लाभले आणि फांदांगोपासून निघालेले प्रकार तुलनेने दुय्यम ठरले. वर्णनाची जागा अशा रीतीने मूल्यनिर्णयाने घेतली. उत्तरकालीन संशोधकांनी या मांडणीवर कठोर आक्षेप घेतले, तरी अनेक प्रकारांच्या जतनातील मायरेना यांचे कार्य नाकारता येत नाही.

संहितानिष्ठ वर्गीकरणाने ताल गमावला, तर वंशनिष्ठ वर्गीकरणाने समदृष्टी गमावली. तौलनिक अभ्यासकाने यावरून एवढे लक्षात घ्यावे की, छापील कडवे हा गीतप्रकाराचा पुरावा आहे, पण तो अपुरा पुरावा आहे. ते कडवे कोणत्या मात्रेवर उचलले गेले, हे कागदावर उतरलेले नसेल, तर त्याचा प्रकार निश्चित केल्याचा दावा सावधपणेच करावा लागतो.