हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास निराळे

१/९
फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांमधले हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. मुंबई-लंडनपेक्षा थोडेसेच अधिक. १९८३ मध्ये हे उड्डाण सुमारे तेरा तासांचे होते. पुढे ते साडेनऊ तासांवर आले. २०२२ मध्ये पुन्हा तेरा तासांचे झाले. विमाने तर सुधारतच गेली होती. मग घड्याळ उलटे का फिरले?

२/९
पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो जवळजवळ संपूर्णपणे रशियावरून, सायबेरियाच्या माथ्यावरून जातो. शीतयुद्धाच्या काळात हे आकाश सोव्हिएत संघाच्या ताब्यात होते आणि बहुतेक पाश्चात्त्य विमानांना ते बंद होते.

३/९
त्यामुळे उत्तर युरोपातून जपानला जाणारी विमाने मध्यपूर्व, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया असा वळसा घालीत. ठिकठिकाणी इंधन भरत केलेल्या या प्रवासाला पन्नासहून अधिक तास लागत.

४/९
२४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन-टोकियो सेवा उत्तर ध्रुवावरून सुरू केली. अलास्कातील अँकरेजला थांबा घेऊन हा प्रवास सुमारे ३२ तासांत होऊ लागला.

५/९
मात्र ध्रुवप्रदेशात होकायंत्रावर विसंबता येत नाही. तिथे रेखांश एकत्र येत असल्याने नकाशावरची दिशाही क्षणोक्षणी बदलते. म्हणून वैमानिक नकाशावर समांतर रेषांचे स्वतंत्र जाळे आखीत, गतिदर्शी भोवऱ्याच्या आधारे दिशा राखीत आणि सूर्य-ताऱ्यांवरून आपले स्थान पडताळून घेत.

६/९
२२ एप्रिल १९८३ रोजी फिनएअरने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. डीसी-१० विमानाला इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. शेजारच्या देशाचे आकाश टाळण्यासाठी हे विमान ध्रुवावरून, मग अलास्का आणि बेरिंग समुद्राच्या बाजूने टोकियोला उतरे.

७/९
बंद आकाशात चुकून शिरण्याची किंमत त्याच वर्षी जगाला कळली. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेले. लढाऊ विमानाने ते सखालिन बेटाजवळ पाडले; विमानातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात अमेरिकेने, पूर्ण झाल्यावर जीपीएस यंत्रणा नागरी विमानांनाही उपलब्ध करून देण्याची घोषणा केली. आज आपल्या हातातील फोन ज्या यंत्रणेने वाट दाखवतो, तीच ही.

८/९
शीतयुद्ध ओसरत गेले, तशी सायबेरियाची वाट मोकळी होत गेली. हेलसिंकी-टोकियो उड्डाण साडेनऊ तासांचे झाले आणि छोटेसे हेलसिंकी युरोप-आशिया प्रवासातील मोक्याचे ठाणे बनले.

९/९
फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि २८ फेब्रुवारीला रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांवर तशीच बंदी घातली. मार्चमध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून टोकियोला जाऊ लागली. चाळीस वर्षांपूर्वीची वाट, जवळपास तेवढेच तास. ७,८०० किलोमीटर मात्र तेवढेच राहिले. प्रवाशाच्या घड्याळात जे साडेतीन तास वाढले, ते भूगोलाने नव्हे, इतिहासाने वाढवले.