नांदूर मधमेश्वर अभयारण्य

महाराष्ट्रातील पाणपक्ष्यांचे प्रसिद्ध अभयारण्य. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, नाशिकच्या पूर्वेस सुमारे ४० किमी. अंतरावर गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ ते आहे. ‘नांदूरमध्यमेश्वर’ असेही लिहितात. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे १०० चौ. किमी. २०१९ मध्ये येथील १,४३७ हेक्टर पाणथळीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नोंद झाली. हा मान मिळवणारे हे राज्यातील पहिले स्थळ होय.

ही पाणथळ माणसाच्या हातून घडली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या पट्ट्याला पाणी देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी संगमाजवळ बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी गोदाकाठची शेती भिजवली. पुरांबरोबर आलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्याने पाणीसाठा घटवला, पण उथळ डबकी, बेटे व पाणवनस्पतींची दाटी निर्माण केली. सिंचनाच्या हिशेबात तोटा ठरलेला हा गाळच पक्ष्यांचा आधार आहे.

हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, क्रौंच हे पाहुणे उतरतात. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, चमचा, चित्रबलाक, शेकाट्या यांचीही येथे वर्दळ असते. काळ्या अंगावर पांढरे कपाळ मिरवणारे वारकरी थव्याने तरंगताना दिसतात. रामसर नोंदीनुसार येथे सजीवांच्या ५३६ जाती आढळतात. अतिसंकटग्रस्त गिधाडे व नाशिकजवळच्या देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा देवळाली मिन्नो हा लहानसा मासाही त्यांत आहेत. येथे पट्टेरी वाघ नाही. मात्र बिबट्याचा वावर आहे.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुंबई–मनमाड लोहमार्गावरील निफाड हे सोयीचे स्थानक आहे. चापडगाव व खाणगाव थडी परिसरात निरीक्षण मनोरे आहेत. पहाटे पोहोचणे चांगले. ऊन चढल्यावर पक्षी विसावतात. जंगलसफारीसारखी गाडीतून धावपळ येथे नाही. मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण आणि एका जागी शांत बसण्याची तयारी एवढे पुरते. छायाचित्रासाठी थवा उठवू नये, कारण दूरवरून आलेल्या पक्ष्याची चरण्याची वेळ व शक्ती त्यात वाया जाते. स्थानिक गाइड सोबत घ्यावा. रोजच्या पाहण्यातून त्याला पक्ष्यांच्या जागा ठाऊक असतात.

गंगापूर, दारणा इत्यादी धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर येथील पातळी ठरते. पाणी फार चढले की चिखलाचे काठ बुडतात व चिखलात चोच घालून खाणारे पक्षी दुसरीकडे जातात. फार उतरले की बदकांना जागा उरत नाही. वरच्या शहरांचे सांडपाणी आणि फोफावणारी पाणवेल हे दुखणेही मोठे आहे. म्हणून या अभयारण्याचे रक्षण कुंपणाने होणारे नाही. गोदावरीचे पाणी स्वच्छ राखणे व ते शेती आणि पक्षी दोघांना पुरेल असे सोडणे हेच त्याचे खरे रक्षण होय.