शिकवणाऱ्या डॉक्टरांना कोणी शिकवले?

५ जुलै १९४८. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि फॅमिली डॉक्टर हा तिचा उंबरठा ठरला. त्याच वर्षी नवशिक्या डॉक्टरांना एखाद्या अनुभवी डॉक्टराच्या हाताखाली ठेवण्याची योजनाही आली. शिकवणाऱ्याला त्यासाठी सरकारी मानधन मिळे. मात्र त्याला शिकवता येते का, हे कोणीच विचारले नाही.

अनेकांना येत नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच! त्यांचे स्वतःचे शिक्षण रुग्णालयांत, तज्ज्ञांच्या मागे फिरून झालेले. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत काय घडते, याला ना पाठ्यपुस्तक होते ना परिभाषा. परिणामी काही ठिकाणी उमेदवार हा स्वस्तातला मदतनीस ठरला. रात्रीच्या व्हिजिटा त्याच्या वाट्याला आणि शिकणे त्याच्या नशिबावर. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने पन्नासहून अधिक दवाखाने पाहून ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल लिहिला. त्यातले काही दवाखाने इतके वाईट होते की सारा व्यवसायच खजील झाला. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, फॅमिली डॉक्टरांचे स्वतःचे कॉलेज स्थापन झाले.

खरी कलाटणी मात्र एका मनोविश्लेषकाने दिली. मायकेल बालिंट मूळचा बुडापेस्टचा, एका फॅमिली डॉक्टराचाच मुलगा. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये तो काही डॉक्टरांना घेऊन नियमित बसू लागला. डॉक्टरने आपली एखादी अडलेली केस आठवणीतून सांगायची, इतरांनी ऐकायचे आणि प्रश्न विचारायचे. रुग्णाचा राग का आला, कोणाला टाळावेसे वाटते, हेही त्यात आले. बालिंट व्याख्यान देत नसे. तयार उत्तर हातावर ठेवले की शिकणारा विचार करायचे थांबतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९५७ च्या ग्रंथात त्याने लिहिले की दवाखान्यात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. पण त्या औषधाची मात्रा किती, दुष्परिणाम कोणते, हे कुठल्याच ग्रंथात नाही!

ही बैठक शिक्षक घडवण्यासाठी मुळीच नव्हती. तरीही पुढच्या पिढीतील शिक्षकांनी तिच्यातून एक गोष्ट उचलली: आधी ऐकायचे, मग शिकवायचे. १९६८ च्या टॉड आयोगाने फॅमिली डॉक्टरकीसाठीही पदव्युत्तर प्रशिक्षण हवे असे ठामपणे सांगितले. १९७२ मध्ये जॉन हॉर्डर, पॅट्रिक बर्न, पॉल फ्रीलिंग, कॉनरॅड हॅरिस, डोनाल्ड अर्व्हिन आणि मार्शल मरिंकर या सहा जणांनी ‘द फ्युचर जनरल प्रॅक्टिशनर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकात शिकणे आणि शिकवणे हे दोन्ही शब्द आहेत, आणि शिकणे आधी आहे.

बर्न मुळात वेस्टमोरलंडमधील मिल्नथॉर्पसारख्या छोट्या गावातला डॉक्टर. पुढे मँचेस्टरला प्राध्यापक झाला. त्याने बॅरी लाँग या शिक्षणतज्ज्ञासह सुमारे २५०० तपासण्यांचे ध्वनिमुद्रण अभ्यासले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून असे दिसले की डॉक्टरची बोलण्याची एक ठरावीक धाटणी असते आणि समोरचा रुग्ण बदलला तरी ती सहसा बदलत नाही. आपण नीट ऐकून घेतो, अशी ज्याची त्याची समजूत. टेप मात्र भिडस्त नसते. शिकवणाऱ्यालाही आता आपला आवाज ऐकणे भाग पडले.

त्याच वर्षी प्रशिक्षण सक्तीचे करणारा कायदा संमत झाला आणि १९८२ पासून तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम लागू झाला. आता शिक्षक हजारोंच्या संख्येने हवे होते. त्यांचेही अभ्यासवर्ग भरू लागले, त्यांचे दवाखाने तपासले जाऊ लागले आणि शिक्षक म्हणून मिळणारी मान्यता ठरावीक मुदतीची झाली.

मग प्रश्न उरला चूक दाखवण्याचा. रुग्णालयी परंपरेत सर्वांदेखत पाणउतारा करणे म्हणजेच अध्यापन मानणारे थोडेथोडके नव्हते. १९८४ मध्ये डेव्हिड पेंडलटन हा मानसशास्त्रज्ञ आणि स्कोफिल्ड, टेट व हॅवलॉक हे तीन डॉक्टर यांनी एक क्रम सुचवला. शिकणाऱ्याने आधी स्वतःचे काय जमले ते सांगायचे, मग इतरांनी. त्यानंतर काय वेगळे करता आले असते, हेही आधी त्यानेच सांगायचे. शिक्षकाची पाळी दोन्ही वेळा नंतर. हा क्रम यांत्रिक होतो, अशी टीका पुढे झाली आणि ती वाजवीही होती. पण अनेक शिक्षकांना त्यातली सर्वांत अवघड गोष्ट वाटली ती पहिलीच: काही वेळ गप्प बसणे.