युवकसेवेची विद्या

तरुणांच्या उपयोगी पडावयाचे तर मनात तळमळ असली म्हणजे पुरे, असा समज आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. सुतारकाम शिकावे लागते, शिक्षकास अध्यापनाची पदवी घ्यावी लागते. पण वाढत्या वयाच्या मुलामुलींना आधार देण्याचे काम कोणाही सज्जनास उपजतच येते, असे आपण धरून चालतो. इतिहासाची साक्ष मात्र याच्या उलट आहे.

इंग्लंडातील बालवीर चळवळीचेच उदाहरण घ्या. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर मूठभर मुलांचे पहिले शिबिर भरविले. चळवळ झपाट्याने पसरली; परंतु मुले मिळाली तितक्या सहजतेने त्यांना सांभाळणारे जाणते नायक मिळेनात. अखेर १९१९ साली गिलवेल पार्क येथे नायकांसाठीच शिक्षणवर्ग काढावे लागले. मुंबईत १९३६ साली डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली टाटांचे समाजकार्य विद्यालय निघाले, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता: दया ही वृत्ती होय, समाजकार्य ही विद्या होय. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या प्रमुखत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली. तरुणास नुसते ऐकवावयाचे नसते, त्याच्यावर जबाबदारी टाकावयाची असते, हे दलाच्या शाखांनी व कलापथकांनी महाराष्ट्रास दाखवून दिले.

या विद्येची कसोटी पाहावयाची असेल, तर कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तीन गावांकडे वळावे. १८५६ साली कल्याण ते खोपोली हा मार्ग खुला झाला आणि अंबरनाथ व बदलापूर मुंबईशी जोडली गेली. शिलाहारकालीन शिवालयासाठी प्रसिद्ध असलेले अंबरनाथ विसाव्या शतकात कारखान्यांचे गाव झाले. उल्हासनगर तर मुळी गावच नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासित उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिला हे नाव मिळाले.

त्या बराकीतील अठरा वर्षांच्या मुलाचा क्षणभर विचार करा. घर गेले, पेढी गेली. पण त्याहून मोठी हानी अशी की, त्याला नावाने हाक मारणारे गावचे वडीलधारे, गुरुजी, दुकानदार हे सारे विखुरले. तरुणाचा खरा आधार असतो तो अशा कोणीही न नेमलेल्या माणसांचा. निर्वासितांपैकी कित्येकांनी गाड्यांतून किरकोळ जिन्नस विकून संसार सावरला. अशांपुढे त्यागावर व्याख्यान झोडणाऱ्या कार्यकर्त्याचा काय उपयोग? त्याग त्यांच्याकडून आधीच वसूल झाला होता! त्यांना हवी होती नव्या भाषेची ओळख, परीक्षेची वाट, धंद्यास लागणारा परिचय. आधी विचारावे, मग द्यावे, हा या विद्येचा पहिला धडा होय.

शासनानेही हा धडा हळूहळूच गिरविला. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सक्तीची राष्ट्रसेवा सुचविली. खर्चाच्या व व्यवहाराच्या अडचणींमुळे ती सूचना मागे पडली. पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. दोन वर्षांत २४० तासांचे काम, सात दिवसांचे शिबिर आणि शंभर विद्यार्थ्यांमागे एक कार्यक्रम अधिकारी, अशी तिची घडण. हा अधिकारी म्हणजे महाविद्यालयातील प्राध्यापक. त्याला प्रशिक्षण मिळते, पण अल्प मुदतीचे. उत्तरपत्रिका तपासणे आणि शंभर तरुणांची मने ओळखणे या दोन विद्या एक नव्हेत, हे आम्हा प्राध्यापकांस कोणी सांगावयास नको.

आज हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. बदलापूरची वस्ती २००१ साली सुमारे ९८ हजार होती, ती २०११ साली १ लाख ७४ हजारांवर गेली. आईबाप पहाटेच्या गाडीने जातात व रात्री परततात; नव्या इमारतीत शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाही. फाळणीने बराकीतल्या मुलापासून जे एकाएकी हिरावले, ते येथल्या मुलापासून सावकाश, हप्त्याहप्त्याने दुरावत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये याच गावातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा संतप्त लोक रुळांवर उतरले आणि गाड्या तासन्‌तास अडून राहिल्या. मुलांच्या सहवासात कोणी यावे आणि त्याने काय शिकून यावे, हा प्रश्न केवळ सद्भावनेवर सोपविता येत नाही, हाच त्या प्रसंगाचा बोध होय.

शिक्षणाने तळमळ आटेल आणि कार्यकर्ता कोरडा नोकर बनेल, असा आक्षेप कोणी घेईल. साने गुरुजींनी कोठे पदविका घेतली होती, असेही विचारील. परंतु गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळीत होते. मुलांच्या अहोरात्र सहवासात, त्यांच्या आजारपणात व रुसव्याफुगव्यांत त्यांचे शिक्षण झाले. तळमळीला सरावाची जोड मिळाली, म्हणून ती फळली. ज्यांना असे छात्रालय लाभत नाही, त्यांना ती जोड अन्य मार्गाने मिळवून देणे समाजाचे कर्तव्य आहे. या तीन गावांत तरुण आहेत, तळमळीची माणसेही आहेत. उणीव आहे ती त्या तळमळीला वळण लावणाऱ्या वर्गांची. ती भरून काढावयास फार मोठे धन नको. आपल्याला हे शिकावे लागेल, एवढी कबुली तेवढी हवी.