चिलीच्या पातेल्यात आधी कोण आलं?

चिली म्हटलं की आपल्याला एक तर मिरची आठवते, नाही तर दक्षिण अमेरिकेतला तो लांबलचक देश. आजची चिली या दोन्हींपैकी नाही. टेक्सासमध्ये लाल मिरचीचा जो दाट रस्सा पातेलंभर शिजवतात, त्याचं हे नाव. पूर्ण नाव 'चिली कॉन कार्ने'. १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं.

कट्टर टेक्सासकराचं म्हणणं असं, की चिलीत गोमांस आणि मिरची. राजमा पडला की ती चिली उरली नाही. तिथल्या काही मोठ्या चिली स्पर्धांच्या नियमांतही राजम्याला बंदी आहे. मग मांसाशिवायची, राजम्याची चिली म्हणजे तर नुसती नक्कल! फौजेत तीसेक वर्षं मी लंगरचं जेवलो. शाकाहारी जवानासाठी वेगळं पातेलं चढायचं आणि त्याला कोणी नक्कल म्हणत नसे. त्यामुळे हा दावा मला तपासून बघावासा वाटला.

नावापासूनच सुरुवात करू. 'चिली' हा मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतला मिरचीचा शब्द. 'कॉन कार्ने' हे स्पॅनिश, म्हणजे 'मांसासह'. पदार्थ मिरचीचा, मांस सोबतीला. मिरची, राजमा, मका, भोपळा आणि टोमॅटो ही पिकं स्पॅनिश जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोत पिकत होती. १५४०च्या दशकात तयार झालेल्या 'कोडेक्स मेंडोसा' या चित्रग्रंथात अझ्टेक राजाकडे कोणत्या प्रांतातून काय खंडणी यायची, याची यादी आहे. मका आणि घेवड्याची कोठारं, सुक्या मिरचीची ओझी... रसदीचा हिशेब बघायची सवय असलेल्या माणसाला ती यादी लगेच कळते. राज्य कशावर चालत होतं ते तिथे दिसतं. ते लोक मांस खातच नव्हते असं नाही. टर्की होती, हरीण होतं. पण गाय नव्हती. गाईगुरं अमेरिकेत आली ती कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ साली. जिरंही समुद्रापलीकडूनच आलं. म्हणजे ज्या गोमांसावर टेक्सासकर एवढा अडून बसतो, तेच या पातेल्यात उशिरा आलेलं.

आता टेक्सास. सॅन अँटोनियो हे गाव १७१८चं, मिशन आणि लष्करी ठाणं यांच्याभोवती वाढलेलं. तिथल्या मिलिटरी प्लाझा नावाच्या चौकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी टेबलं मांडायच्या, कंदील लावायच्या आणि लाकडाच्या विस्तवावर गरम ठेवलेली चिली विकायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन' म्हणत. नाव राणीचं आणि कष्ट रात्रभराचे. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 'सॅन अँटोनियो चिली स्टँड' लागला आणि चिली टेक्सासबाहेर माहीत झाली. त्याच दशकात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने तयार चिली पावडर बाजारात आणली. धंदा वाढला, डबे निघाले. चौकातल्या बायकांना मात्र आधी एका चौकातून दुसऱ्या चौकात हलवलं आणि १९३७ साली आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांची टेबलंच उठवली. ज्यांच्या हातची चव होती त्या गेल्या आणि पुढे 'खरी चिली' कोणती ते स्पर्धांचे परीक्षक ठरवू लागले. मला हे पटत नाही.

तेव्हा घरी राजम्याची चिली बिनधास्त करा. चौघांसाठी पाव किलो राजमा रात्रभर भिजवा. तुमच्या गावात जो मिळेल तो चालेल, जम्मूकडचा भदरवाही किंवा कोरेगावकडचा वाघ्या घेवडा. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला लावा. इथे हयगय नको. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या लावू शकतात. निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही, आणि मंद आचेवर अर्धवट शिजला तर त्रास वाढतोच. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे कुकरशिवाय राजम्याला हातच लावू नये.

दोन कांदे आणि सात-आठ लसूण पाकळ्या तेलात परता. मग एक शिमला मिरची, दोन चमचे ब्याडगीचं तिखट, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर ओवा घाला. तिकडे ओरेगानो घालतात, ओव्याचा वास त्याच्या जवळचा. चार टोमॅटो चिरून घाला, ते पार विरघळू द्या. मग राजमा त्याच्या शिजवलेल्या पाण्यासकट, मूठभर मक्याचे दाणे आणि मीठ. आलं, हळद, गरम मसाला डब्यातच राहू दे, नाही तर तो आपला नेहमीचा राजमा होईल. अर्धा तास मंद आचेवर ठेवा. शेवटी चमचाभर मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावा. टेक्सासमध्येही रस्सा असाच दाट करतात.

सोबत मक्याची भाकरी, वर कच्चा कांदा आणि लिंबू. उरलेली दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, म्हणून आमच्याकडे दीडपट करतात.